पार्नेलचं संसदेतलं काम, दिवसवार: नोंदवही बनवतानाच्या नोंदी

५ जानेवारी

काय करतोय ते आधी सांगतो. आयरिश नेता चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल एप्रिल १८७५ मध्ये आयर्लंडमधल्या मीथमधून निवडून ब्रिटिश संसदेच्या हाऊस ऑफ कॉमन्समध्ये गेला, तिथपासून मे १८८२ मध्ये किल्मेनम तुरुंगातून सुटला तिथपर्यंत त्याने सभागृहात नेमकं काय काय केलं त्याची दिवसवार नोंदवही मराठीत बनवायची आहे. साधी स्प्रेडशीट, एका रोमध्ये एक हस्तक्षेप, म्हणजे एक भाषण किंवा एक दुरुस्ती किंवा एक तहकुबीचा ठराव. आमच्या अभ्यासगटात आम्ही तिघं आहोत, तिघांनाही नोकऱ्या, त्यामुळे रात्री आणि रविवारी जमेल तेवढं.

पार्नेलवर मराठीत जे वाचायला मिळतं त्यात होमरूल, म्हणजे आयर्लंडला स्वतःची संसद ही मागणी, येतं, जमीन चळवळ येते, शेवटचं घटस्फोट प्रकरण हमखास येतं आणि संसदेतल्या कामाबद्दल एक वाक्य येतं, की त्याने अडथळे आणून कामकाज बंद पाडलं. एवढंच. हा माणूस सात वर्षं रात्र रात्र जागून तिथे काय करत होता हे त्या वाक्यातून अजिबात कळत नाही, म्हणून हा खटाटोप. १८८६ चं होमरूल बिल आणि १८९० ची पक्षातली फूट मुद्दाम बाहेर ठेवली, कारण त्याच्यावर भरपूर लिहिलं गेलंय.

ज्यांना दुसऱ्या कुठल्या सदस्याचं असंच काम करायचंय त्यांच्यासाठी अडलेल्या जागा लिहून ठेवतोय.

९ जानेवारी

मुख्य साधन हॅन्सार्ड, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या कामकाजाचं छापील इतिवृत्त. १८०३ पासूनचं डिजिटल केलेलं फुकट मिळतं, त्यासाठी एक पैसा लागत नाही. त्यात प्रत्येक सदस्याचं वेगळं पान असतं, त्यावर वर्षानुसार त्याच्या भाषणांच्या लिंका. साहजिकच पहिला विचार हाच की ते पान उघडायचं, लिंका कॉपी करायच्या, झालं काम.

हे चालत नाही. व्यक्तीच्या पानावर तेवढंच येतं जेवढं नाव मशीनला बरोबर जुळलं. छापील पानाचं स्कॅनिंग, त्यावर ओसीआर, म्हणजे मशीनने अक्षरं ओळखणं, त्यात एखादं अक्षर फुटलं की ते भाषण कोणाच्याच खात्यात पडत नाही. १८७७ च्या उन्हाळ्यातल्या रात्रींच्या बैठका पडताळल्या तर पार्नेल बोललाय पण पानावर लिंक नाही असं बऱ्याच ठिकाणी निघालं. आणि नेमक्या त्याच रात्री आपल्याला सगळ्यात महत्त्वाच्या.

त्यामुळे आता व्यक्तीवार जाणं बंद, तारीखवार जायचं. प्रत्येक दिवसाचं कामकाज उघडायचं, खालपर्यंत वाचायचं, पार्नेल दिसला की रो भरायची. वेळ कितीतरी पट जास्त लागतो पण दुसरा मार्ग नाही. व्यक्तीचं पान शेवटी पडताळणीला वापरा, सुरुवातीला नको.

१७ जानेवारी

एक कॉलम ठेवला होता 'शब्दसंख्या'. कल्पना अशी की भाषणाचे शब्द मोजले की बोलण्याचा वेळ अंदाजे कळेल आणि मग वेळकाढूपणाचा आलेख काढता येईल. हा कॉलम काल पूर्ण काढून टाकला, त्यात गेलेला आठवडा फुकट.

कारण समजून घ्या, हे पुढच्या प्रत्येकाला लागणार आहे. त्या काळचं हॅन्सार्ड हे शब्दशः इतिवृत्त नाहीच. खाजगी प्रकाशन होतं ते, वर्तमानपत्रांतल्या बातम्यांवरून आणि सदस्यांनी स्वतः दुरुस्त करून पाठवलेल्या मजकुरावरून तयार व्हायचं. मोठ्या मंत्र्यांची भाषणं लांबलचक आणि 'मी' म्हणून छापलेली, मागच्या बाकावरच्या सदस्याचं भाषण मात्र 'ते म्हणाले की' अशा सारांशात. कमिटी स्टेज, म्हणजे बिलावरची कलमवार चर्चा, आणि मध्यरात्रीनंतरचं कामकाज तर अजूनच त्रोटक. १८७८ पासून सरकारने पैसे द्यायला सुरुवात केल्यावर जरा भरीव झालं. सरकारी अधिकृत इतिवृत्त यायला १९०९ उजाडलं.

उदाहरण २२ एप्रिल १८७५ चं. पार्नेलने सदस्य म्हणून जागा घेतली ती याच दिवशी आणि त्याच दिवशी कॅव्हनचा जोसेफ बिग्गर, बेलफास्टचा डुकराच्या मांसाचा व्यापारी, आयर्लंडवरच्या दडपशाहीच्या कायद्याविरुद्ध जवळजवळ चार तास बोलला, सरकारी अहवालांतले उतारेच्या उतारे वाचून दाखवत. त्याचा आवाज ऐकू येत नाही असं स्पीकरने म्हटल्यावर तो कागदांचा गठ्ठा उचलून जवळ येऊन बसला आणि पहिल्यापासून सुरू करू का म्हणाला, असं सांगतात. आता हॅन्सार्डमध्ये चार तासांच्या मानाने छापलेला मजकूर किती, तर अगदीच थोडा. शब्द मोजून काय मिळणार.

याच्यावरून दुसरा नियम ठरवला. हॅन्सार्डमधलं वाक्य अवतरणचिन्हात टाकायचं नाही. पार्नेलचं पहिलं भाषण २६ एप्रिल १८७५ चं, त्यात आयर्लंड हा इंग्लंडचा भौगोलिक तुकडा नाही, ते एक राष्ट्र आहे, असा मुद्दा आहे आणि तो जगभर त्याच्या तोंडचं वाक्य म्हणून फिरतो. आपण 'आशय' असा कॉलम केलाय, त्यात आपल्या भाषेत लिहायचं.

२५ जानेवारी

नावांचा घोळ. पार्नेल एकच आहे त्यामुळे त्याचा त्रास नाही, पण त्याच्यासोबत कोण कोण उभं होतं हा कॉलम भरताना नाकी नऊ आले.

ओकॉनर घ्या. मेयोचा जॉन ओकॉनर पॉवर १८७४ पासून, गॉलवेचा टी. पी. ओकॉनर १८८० पासून, क्वीन्स काउंटीचा आर्थर ओकॉनर तोही १८८० पासून, आणि रॉसकॉमनचा ओकॉनर डॉन, जो १८८० पर्यंत होता आणि जो पार्नेलच्या गटातला अजिबात नाही. सुलिव्हन दोन भाऊ, ए. एम. आणि टी. डी. डंगार्व्हनचा फ्रँक ह्यू ओडॉनेल वेगळा आणि ट्रालीचा ओडोनोह्यू वेगळा. कॅप्टन नोलन मध्येच मेजर नोलन होतात, माणूस तोच, बढती झालेली.

सुरुवातीला आडनावावर फिल्टर लावून काम चालू होतं, त्यात १८८० नंतरच्या सगळ्या ओकॉनर-रो एकमेकांत मिसळल्या. आता प्रत्येक सदस्याला एक कोड आणि कोडमध्ये मतदारसंघ: 'गॉलवे-ओकॉनर', 'क्वीन्स-ओकॉनर'. मतदारसंघ बदलला तरी कोड बदलायचा नाही. पार्नेल स्वतः १८८० मध्ये मीथ, मेयो आणि कॉर्क शहर अशा तीन ठिकाणी निवडून आला आणि कॉर्क ठेवलं. ए. एम. सुलिव्हन आधी लाउथचा आणि १८८० नंतर मीथचा. कोड बदलत बसलात तर एका माणसाचे दोन होतात.

नावांची यादी पहिल्या दिवशी करून घ्या, मग रो भरा.

३ फेब्रुवारी

आजची नोंद मोठी आहे कारण आज अख्खी शीट मोडून परत बांधायला घेतली.

'प्रकार' या कॉलममध्ये तीनच पर्याय होते: भाषण, प्रश्न, अडथळा. १८७६ पर्यंत ठीक चाललं. १८७६ मध्ये ३० जूनची एक नोंद फार बोलकी आहे, आयर्लंडचा चीफ सेक्रेटरी सर मायकेल हिक्स बीच याने मँचेस्टरच्या खुन्यांचा उल्लेख केला (१८६७ मध्ये तिथे कैदी सोडवताना एक पोलीस मेला आणि त्यासाठी तीन आयरिश क्रांतिकारकांना फाशी झाली, ते हे) आणि पार्नेल उठून म्हणाला की मँचेस्टरमध्ये खून झाला असं मी मानत नाही आणि मानणार नाही. सभागृहाला धक्का, आणि फेनियन, म्हणजे सशस्त्र आयरिश क्रांतिकारक, लोकांचं लक्ष या तरुण जमीनदाराकडे गेलं ते तिथून. हे 'भाषण'मध्ये बसतं.

पण १८७७ उघडलं आणि जे दिसेल ते 'अडथळा'मध्ये जायला लागलं. पानच्या पानं एकच शब्द. गटातल्या मैत्रिणीने विचारलं की अरे पण इथे तो मागतोय काय? ते वाचलं का? मग एकेक रो परत उघडली.

प्रिझन बिल, १८७७. तुरुंग स्थानिक ताब्यातून काढून केंद्र सरकारकडे घ्यायचं हे बिल. पार्नेल कलमागून कलम दुरुस्त्या मांडतोय, कैद्यांना दिली जाणारी शिक्षा, डॉक्टरची तपासणी, कोठडीतली वागणूक यांचा कीस पाडतोय. आणि त्यातली एक दुरुस्ती पास झाली. राजद्रोह किंवा राजद्रोही लिखाणासाठी शिक्षा झालेल्याला साध्या गुन्हेगारासारखं न वागवता पहिल्या वर्गातला कैदी म्हणून वागवायचं. ही तरतूद कायद्यात गेली. याला मी 'अडथळा' लिहून ठेवलं असतं तर ती नोंदवही काय कामाची?

इथे मी बराच वेळ थांबलो, कारण आपल्याकडचं आठवतंच. ही तरतूद हिंदुस्थानाला लागू नाही, आणि बरोबर वीस वर्षांनी १८९७ मध्ये टिळकांना मुंबईत राजद्रोहासाठी अठरा महिने सक्तमजुरी झाली. एकाच साम्राज्यात, एकाच गुन्ह्याला. पार्नेल त्या कलमासाठी रात्री का भांडत होता हे यावरून फार नीट कळतं.

म्युटिनी बिलाचंही तसंच. लष्करी शिस्तीचा हा कायदा दरवर्षी नव्याने पास करायला लागायचा आणि दरवर्षी तो मध्यरात्री विनाचर्चा सरकवला जायचा. १२ एप्रिल १८७७ ला पार्नेल त्याच्या कलमांवर अडून बसला तेव्हा त्याचाच नेता, होमरूल पक्षाचा आयझॅक बट, याने भर सभागृहात त्याला फटकारलं. बटला सभागृहाची प्रतिष्ठा मोठी वाटायची, त्याचं म्हणणं आपण सभ्यपणे वागलो तर इंग्लिश सदस्य ऐकतील. तीन वर्षं सभ्यपणे वागून एकही मोठं आयरिश बिल पास झालेलं नव्हतं. मला बटबद्दल आदर आहे, पण इथे पार्नेलचंच बरोबर होतं असं माझं स्पष्ट मत.

आणि मग १८७९. लष्करात सैनिकाला फटके मारायची शिक्षा बंद करा यासाठी पार्नेल आणि काही इंग्लिश रॅडिकल सदस्य, त्यात बर्मिंगहॅमचा जोसेफ चेंबरलेनही, एकत्र येऊन आर्मी डिसिप्लिन बिलावर आठवडेच्या आठवडे लढले. पार्नेलने आग्रह धरला की फटके मारायचा नऊ शेपट्यांचा चाबूक सदस्यांना प्रत्यक्ष दाखवा. शेवटी जास्तीत जास्त फटके ५० वरून २५ वर आले आणि १८८१ मध्ये लष्करातली ही शिक्षाच गेली. हा फायदा इंग्लिश सैनिकालाही झाला, आयरिश सैनिक तर त्या फौजेत ढीगभर होतेच.

तर नवीन 'प्रकार' असे केलेत: दुरुस्ती (मांडली), दुरुस्ती (पाठिंबा), कलमावर भाषण, तहकुबीचा ठराव, प्रश्न, हरकतीचा मुद्दा, मतविभागणीची मागणी. आणि शेजारी वेगळा कॉलम 'निकाल': पास, फेटाळली, मागे घेतली, सरकारने शब्द दिला. 'अडथळा' हा प्रकार ठेवलेलाच नाही, तो निष्कर्ष आहे, नोंद नाही. आधी भरलेल्या सगळ्या रो परत भरायच्या, जेमतेम महिन्याचं काम दुसऱ्यांदा. तरी हे केलंच पाहिजे.

११ फेब्रुवारी

तहकुबीचे ठराव. हे यंत्र चालायचं कसं ते कळल्याशिवाय रो भरता येत नाहीत म्हणून थोडक्यात.

पूर्ण सभागृहात एका प्रश्नावर एका सदस्याला एकदाच बोलता यायचं. कमिटी स्टेजला मात्र कितीही वेळा. आणि कमिटीत दोन ठराव केव्हाही मांडता यायचे, एक, अध्यक्षांनी प्रगती कळवावी, म्हणजे आजपुरतं थांबा, आणि दुसरा, अध्यक्षांनी खुर्ची सोडावी. पहिला फेटाळला की दुसरा मांडायचा, दुसरा फेटाळला की परत पहिला. प्रत्येकावर भाषणं, प्रत्येकावर मतविभागणी, प्रत्येक विभागणीला सगळ्यांनी उठून लॉबीतून चालत जायचं. पाच-सात माणसं सहाशे जणांचं सभागृह रात्रभर असं चालवू शकायची. शिवाय रात्री साडेबारानंतर विरोध असलेलं काम घ्यायचं नाही असा नियम होता, त्यामुळे बिग्गर जवळपास प्रत्येक बिलाला विरोधाची नोटीस देऊन ठेवायचा.

शीटमध्ये हे दोन ठराव वेगळे कोड करून टाका, एकच कोड दिला तर आलटून-पालटून चाललेली साखळी दिसत नाही.

साउथ आफ्रिका बिल, जुलै १८७७. दक्षिण आफ्रिकेतल्या वसाहती आणि नुकतंच गिळलेलं ट्रान्सवाल यांचं एक संघराज्य करायचा हा डाव. २५ जुलैला पार्नेल म्हणाला की इंग्रजी हस्तक्षेप आणि जुलूम काय असतो हे भोगलेल्या देशातून मी आलोय, आणि या बिलाबाबत सरकारचे हेतू हाणून पाडण्यात मला विशेष समाधान आहे. लगेच सर स्टॅफर्ड नॉर्थकोट, अर्थमंत्री आणि कॉमन्समधला सरकारचा नेता, उठला आणि निलंबनाचा ठराव आणला. मग लक्षात आलं की पार्नेल 'सरकारचे हेतू' म्हणालाय, 'सभागृहाचे' नाही. विरोधी बाकावरचा माणूस सरकारचे हेतू हाणून पाडायलाच बसलेला असतो, त्यात सभागृहाचा अपमान कुठला? प्रकरण तिथेच अडलं. हा माणूस बोलताना किती तोलून बोलायचा याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला अजून सापडलेलं नाही.

दोनच दिवसांनी, २७ जुलैला, नॉर्थकोटने दोन नियम करून घेतले. आणि ३१ जुलैला मंगळवारी दुपारी सुरू झालेली बैठक बुधवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास संपली, सलग २६ तास. पार्नेल, बिग्गर, ओडॉनेल, ओकॉनर पॉवर, कॅप्टन नोलन आणि अजून एकदोघं. आफ्रिकेतल्या एका बिलासाठी आयरिश माणसं रात्रभर उभी राहिली ही गोष्ट मला मोलाची वाटते, त्यांना तिथून एक मत मिळणार नव्हतं.

१९ फेब्रुवारी

तारखांचा घोळ, आणि हा सगळ्यात जास्त वेळ खाणारा निघाला.

हॅन्सार्ड बैठकीची तारीख देतं, कॅलेंडरची नाही. ३१ जुलै १८७७ च्या बैठकीतली बरीच भाषणं प्रत्यक्षात १ ऑगस्टला झालीत. आपल्या गटातल्या एकाने इतर पुस्तकांतून तारखा घेतल्या, दुसऱ्याने हॅन्सार्डमधून, आणि एकच प्रसंग शीटमध्ये दोनदा आला. होमरूल बिलाचंही हेच आहे. बिल पडलं ८ जून १८८६ ला पण हॅन्सार्डमध्ये ते ७ जूनखाली, कारण मतदान मध्यरात्रीनंतर झालं. तिथे आकडेही दोन मिळतात, ३४१ विरुद्ध ३११ आणि ३४३ विरुद्ध ३१३. दोन्ही बरोबर. मतं मोजणारे दोन्ही बाजूंचे दोन-दोन सदस्य धरले की दुसरा आकडा येतो. अशी तफावत दिसली की घाबरू नका, आधी दोनचा फरक आहे का बघा.

उपाय: दोन कॉलम, 'बैठक' आणि 'खरी तारीख', आणि खरी तारीख खात्रीने कळली तरच भरायची. डुप्लिकेट शोधायला फक्त 'बैठक' वापरायचा.

याची खरी परीक्षा जानेवारी १८८१. पार्श्वभूमी एका ओळीत: दुष्काळी वर्षांत जमीनदार कुळांना हुसकावत होते, त्यांना भरपाई देणारं बिल १८८० च्या ऑगस्टमध्ये वरच्या सभागृहाने, हाऊस ऑफ लॉर्ड्सने, २८२ विरुद्ध ५१ मतांनी फेकून दिलं, कुळांसाठी लढणाऱ्या लँड लीगने रान उठवलं, आणि सरकारने उत्तर म्हणून विनाचौकशी अटकेचं बिल आणलं. आयर्लंडचा तेव्हाचा चीफ सेक्रेटरी डब्ल्यू. ई. फॉर्स्टरने ते २४ जानेवारीला मांडलं. २५ ची बैठक २२ तास चालली. आणि ३१ जानेवारीला सोमवारी दुपारी चारला जी बसली ती बुधवारी २ फेब्रुवारीला सकाळी साडेनऊला उठली. साडेएकेचाळीस तास. म्हणजे मंगळवार, १ फेब्रुवारी १८८१, या दिवशी कॉमन्सची स्वतःची अशी बैठक नाहीच, कॅलेंडरवर दिवस आहे आणि कामकाजात नाही. आमचा फॉर्म्युला प्रत्येक कामाचा दिवस भरलेला मागायचा, तो इथे एरर द्यायला लागला. फॉर्म्युला काढून टाकला, हाताने भरा.

आयरिश सदस्य पाळ्या लावून बोलत होते, इंग्लिश सदस्यही पाळ्या लावून ऐकत होते, खुर्चीवर स्पीकर हेन्री ब्रँड आणि उपस्पीकर लायन प्लेफेअर आलटून-पालटून. बुधवारी सकाळी ब्रँड परत आला तेव्हा बिग्गर बोलायला उभा होता. ब्रँडने त्याला पुढे बोलू दिलं नाही, कागद काढून वाचून दाखवला की आता यापुढे कुणाला बोलायला देणार नाही, आणि प्रश्न मताला टाकला. दुरुस्ती १६४ विरुद्ध १९ ने पडली. कुठल्या नियमाखाली? कुठल्याच नाही. त्याच दुपारी विचारलं तेव्हा त्याने सांगितलं की मी माझ्या जबाबदारीवर केलं. म्हणजे नियम पाळून लढणारे होते आयरिश आणि नियम सोडला तो स्पीकरने. हे शीटमध्ये स्वच्छ दिसतं, एका बाजूला वीस-पंचवीस रो नियमातल्या आणि शेवटच्या रोमध्ये 'नियम' हा कॉलम रिकामा.

२८ फेब्रुवारी

आज दुसरी छोटी शीट उघडली, 'बदललेले नियम'. हे आधी ठरलेलं नव्हतं पण रो भरता भरता दिसायला लागलं की प्रत्येक मोठ्या रात्रीनंतर सभागृहाने स्वतःचा एक नियम बदललाय.

पहिली ओळ बिग्गरची. २७ एप्रिल १८७५, घोड्यांच्या पैदाशीवर चर्चा होती म्हणून प्रिन्स ऑफ वेल्स गॅलरीत बसलेला, आणि बिग्गरने परके लोक दिसतायत असं म्हटलं. एका सदस्याने एवढं म्हटलं की गॅलरी रिकामी करायची असा जुना नियम, त्यामुळे युवराजालाही उठावं लागलं. महिनाभरात नियम बदलला, आधी मत घ्यायचं. पुढे २७ जुलै १८७७, एका चर्चेत तहकुबीचा ठराव एका सदस्याला एकदाच. २८ फेब्रुवारी १८८०, स्पीकरने सदस्याचं नाव घेतलं की त्याचं निलंबन. ३ फेब्रुवारी १८८१, लँड लीगचा संस्थापक मायकेल डेव्हिटला अटक झाल्याचं कळल्यावर सभागृहात जे झालं त्यात एकाच दिवशी ३६ आयरिश सदस्य निलंबित, आणि ते बाहेर असताना त्याच संध्याकाळी तातडीच्या कामाचा ठराव पास. १८८२ च्या शेवटी चर्चाबंदीचा कायमचा नियम, पण अटींसकट: २०० पेक्षा जास्त सदस्यांचा पाठिंबा, किंवा विरोधात ४० पेक्षा कमी असतील तर १०० पेक्षा जास्त. १८८७ मध्ये अजून आवळला, आणि त्याच वर्षी आयर्लंडच्याच दुसऱ्या दडपशाही बिलासाठी ठरलेल्या वेळी उरलेली कलमं चर्चेविना मताला टाकायची पद्धत आली, तीच गिलोटिन.

हे वाचणाऱ्याला परकं वाटायचं कारण नाही. लोकसभेच्या नियमांत चर्चाबंदीचा ठराव आजही आहे आणि बजेट अधिवेशनात उरलेल्या मागण्या एकदम मताला टाकतात त्याला आपले पत्रकार गिलोटिनच म्हणतात.

८ मार्च

रिकाम्या जागा. शीट वर्षानुसार मांडल्यावर दोन मोठी भगदाडं दिसतात आणि नुसता आलेख काढला तर वाटेल की पार्नेलने काम सोडलं. फेब्रुवारी १८८० मध्ये तो अमेरिकेत होता, लँड लीगसाठी पैसे गोळा करत, आणि २ फेब्रुवारीला तिथल्या प्रतिनिधीगृहासमोर बोलला. १८८२ चं अधिवेशन फेब्रुवारीत सुरू झालं तेव्हा तो किल्मेनममध्ये होता, १३ ऑक्टोबर १८८१ ला अटक, २ मे १८८२ ला सुटका, आणि अटक कशाखाली, तर ज्याच्याविरुद्ध साडेएकेचाळीस तास भांडले त्याच कायद्याखाली.

म्हणून 'हजेरी' कॉलम: हजर, निलंबित, परदेशी, तुरुंग. आलेखात रिकामा भाग वेगळ्या रंगाने भरा. ३ फेब्रुवारीचं निलंबन फक्त त्या बैठकीपुरतं होतं, ते एका दिवसापेक्षा जास्त रंगवू नका.

२२ मार्च

छपाई. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी १८८१ या बैठकीची एक आडवी पट्टी करून वाचनालयाच्या भिंतीवर लावायची होती, तासाला एक चौकोन, कोण बोलतंय ते नाव. हॅन्सार्डमध्ये घड्याळाची वेळ क्वचितच दिलेली, त्यामुळे प्रत्येक तासाला नाव टाकणं म्हणजे मनाने भरणं झालं असतं. ते सोडून दिलं. क्रम खरा आहे, वेळ नाही, म्हणून पट्टी क्रमाने केली आणि घड्याळ फक्त दोन टोकांना, दुपारचे चार आणि सकाळचे साडेनऊ.

पहिला फ्लेक्स वाया गेला, दुकानात फाइल उघडताना फॉन्ट बदलला आणि सगळी जोडाक्षरं तुटली. साडेचारशे रुपये गेले. दुसऱ्यांदा फाइल पीडीएफ करून, फॉन्ट आत बसवून नेली, नीट आली. मराठी मजकूर कधीही उघड्या फाइलमध्ये देऊ नका. एकूण खर्च दोन फ्लेक्स, झेरॉक्स आणि एक जुनं चरित्र धरून अडीच हजारांच्या आत.

१८७५ ते १८७९ च्या रो दोघांनी वेगवेगळ्या तपासून झाल्यात. १८८० आणि १८८१ एकानेच तपासलंय, तिथला आकडा कुठे वापरणार असाल तर मूळ पान उघडून बघा. १८८१ च्या जमीन कायद्याच्या कमिटी स्टेजच्या दुरुस्त्या अजून भरायच्या आहेत, त्या खूप आहेत आणि त्यात बाकीच्या आयरिश सदस्यांचं काम पार्नेलपेक्षा जास्त दिसतंय, टिम हीलीचं तर खासच.

कोणाला हात लावायचा असेल तर एक स्वतंत्र शीट उघडून ठेवली आहे: फ्रँक ह्यू ओडॉनेलने हिंदुस्थानाबद्दल विचारलेले प्रश्न, १८७७ ते १८८५. नावांची यादी आणि कोड त्यात आधीच टाकलेत. ती झाली की वेस्ट वॉटरफर्डचा आल्फ्रेड वेब, जो १८९४ च्या मद्रास काँग्रेसचा अध्यक्ष होता, त्याची १८९० ते १८९५ ची शीट घेता येईल. सुरुवात तारखेवरून करा, व्यक्तीच्या पानावरून नको.